पुठ्ठ्याचं पॅकिंग

जुन्या मोटरसायकलच्या इंजिनाचा सिलेंडर काही केल्या निघेना. चारही नट काढलेले, हेड म्हणजे वरचं झाकण बाजूला ठेवलेलं, दोन रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलेलं, लाकडाचा ठोकळा लावून चारी बाजूंनी हलक्या हाताने ठोकून झालं, मनातल्या मनात विनवण्या पण करून झाल्या, आणि मग काही कारण नसताना एकदम सुटला, आणि त्याच्यासोबत खाली चिकटलेला एक पुठ्ठा निम्मा फाटून वर आला.

पुठ्ठा म्हणजे खरोखरचा पुठ्ठा हां. कसल्यातरी खोक्याचा. तेल पिऊन पिऊन काळा झालेला, तरी एका कडेला निळ्या शाईतलं अर्धं अक्षर अजून दिसत होतं. सिलेंडर आणि क्रँककेस म्हणजे इंजिनाची खालची पेटी यांच्या मध्ये जे कागदासारखं पातळ पॅकिंग असतं त्याच्या जागी कोणीतरी खोकं कापून लावलं होतं, आणि एक नाही, तीन थर, मध्ये लाखेसारखं लालसर काहीतरी फासून. मी आधी जोरात हसलो आणि मग त्या माणसाला शिव्या घातल्या.

हा माणूस म्हणजे गाडीवर आधी हात चालवलेला माणूस. नाव नाही, गाव नाही, कधी काम केलं ते माहीत नाही, पण त्याची आणि माझी ओळख मात्र चांगली झाली. क्लच कव्हरचे स्क्रू त्याने स्क्रू ड्रायव्हरने नाही, छिन्नीने उघडले होते. हेडलाइटच्या आतल्या सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, म्हणजे कुठली कुठे जाते ते त्याच्या डोक्यात, आणि डोकं त्याच्यासोबत गेलं. मागच्या मडगार्डचा एक बोल्ट भलत्याच आट्याचा, तो बसावा म्हणून भोक ओरबाडून मोठं केलेलं. सिलेंडरच्या खालच्या कानाजवळ पंचाने तीन खड्डे पाडलेले, ओळीत, काही गरज नसताना. हातात हातोडी आली की काही लोकांना राहवत नाही. पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात ना, तर मला वाटलं चला, हा पुढचा इतका ठेचकाळलाय की आपण आयतेच शहाणे होणार.

गाडी १२५ सीसीची, टू-स्ट्रोक, जुनी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तसं बघितलं तर ती त्या कंपनीची पण नाही. मूळ डिझाइन जर्मन, डीकेडब्ल्यू आरटी १२५ नावाच्या गाडीचं, १९३९ सालचं, बोअर म्हणजे सिलेंडरची आतली रुंदी ५२ मिलीमीटर आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल ५८ मिलीमीटर. महायुद्ध संपलं आणि जिंकलेल्यांनी ती ड्रॉइंग वाटून घेतली. ब्रिटिशांची बीएसए बँटम त्यातूनच आली, अमेरिकेत हार्ले डेव्हिडसनने पण तीच १२५ काढली, रशियनांनी काढली, आणि १९५५ साली यामाहाने आयुष्यातली पहिली मोटरसायकल वायए-१ बनवली ती पण हिच्यावरूनच. बँटमची गंमत अशी की ब्रिटिशांना गिअर उजव्या पायाला लागायचा म्हणून त्यांनी अख्खं इंजिनच आरशात दिसावं तसं उलटं केलं. तर माझी गाडी या खानदानातली, कुठल्या शाखेतली ते सोडा. एवढ्या जणांनी जिची कॉपी मारली तिच्यात माझ्या माणसाने तीन थर पुठ्ठा घातला म्हणजे तसं जगावेगळं काही केलं नाही, पण हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

पॅकिंगचं मी इतकं मनाला का लावून घेतलं ते सांगायला हवं. फोर-स्ट्रोकला व्हॉल्व्ह, कॅम, चेन असा सगळा लवाजमा असतो. टू-स्ट्रोकला यातलं काही नाही. सिलेंडरच्या भिंतीत खिडक्या पाडलेल्या असतात आणि पिस्टन वर-खाली जाताना त्या उघडतो आणि बंद करतो. पिस्टन हाच दरवान. तो वर गेला की खाली क्रँककेसमध्ये पेट्रोल, हवा, ऑइल सगळं ओढलं जातं, खाली आला की तेच दाबून बाजूच्या वाटांनी वर ढकललं जातं. खालच्या मजल्याचा पंप करायची ही आयडिया जोसेफ डे नावाच्या इंग्रजाची, १८९०च्या आसपासची, पण त्याच्या इंजिनात तरी एक झडप होती, ती पण नको म्हणून तिसरी खिडकी पाडली ती त्याच्याकडे काम करणाऱ्या फ्रेडरिक कॉकने. म्हणजे ज्या साधेपणाचं कौतुक मी सगळ्यांना ऐकवत असतो तो मालकाचा नाही, कामगाराचा.

पण या साधेपणाची किंमत अशी की सगळा खेळ खिडक्यांच्या उंचीवर. सिलेंडर एक मिलीमीटर वर उचलला तर सगळ्या खिडक्या एक मिलीमीटर वर जातात, कुठली कधी उघडणार ते बदलतं, वर पिस्टन आणि हेडमधली जागा वाढते, कॉम्प्रेशन पडतं. आणि कुठून हवा गळली तर अजून वाईट, कारण तिथून बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, ऑइलपण पेट्रोलातच मिसळलेलं असल्यामुळे तेही कमी पडतं, आणि पिस्टन चिकटतो. माझा चिकटलेलाच होता, एका बाजूला उभे ओरखडे, रिंगा खाचेत जाम. मी निकाल देऊन टाकला: गुन्हेगार पुठ्ठा.

मग पुढचे तीन महिने. तीन महिने म्हणतोय पण खरं सांगायचं तर शनिवार-रविवारचे तुकडे, त्यातले निम्मे हरवलेला दहा नंबरचा पाना शोधण्यात गेलेले. सायलेन्सरच्या आतली नळी जळक्या ऑइलने इतकी चोंदली होती की आरपार उजेड दिसेना, ती जाळून साफ केली. कार्ब्युरेटर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, जेटमधून केसाएवढी तार घातली, उजेडाकडे धरून बघितलं, गोल छिद्र दिसलं की काय आनंद होतो ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. त्याचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, हलवून बघितला तर आत पेट्रोल डुचमळतंय, म्हणजे भोक आहे. गरम पाण्यात बुडवला, बुडबुडे आले, तिथे डाग दिला. क्रँकची दोन्ही ऑइल सील नवीन. रंगाबद्दल मी काही बोलणार नाही, टाकी तीनदा रंगवली आणि चौथ्यांदा एका ओळखीच्याने रंगवून दिली.

बोअरिंग करणाऱ्या काकांकडे सिलेंडर नेला. त्यांनी उलटा करून खालच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "याला खालून फेसिंग मारलंय कोणीतरी."

मी म्हटलं, "हो ना काका, काय काय करून ठेवलंय, विचारू नका."

"नाही, चांगलं मारलंय," ते म्हणाले आणि कामाला लागले. मी ऐकलं आणि सोडून दिलं. नवा पिस्टन अर्धा मिलीमीटर ओव्हरसाइज, त्याच्या मापाने बोअर करून मिळाला, आत हात घातला तर बारीक तिरक्या रेघांची जाळी बोटांना लागत होती, मी घरी येईपर्यंत सारखा हात घालत होतो.

जोडायचा दिवस. नवीन पॅकिंग, छापील पाकिटातलं, ०.३ मिलीमीटर, अगदी पुस्तकात असतं तसं. रिंगा दाबून सिलेंडर खाली घेतला, हेड बसवलं, नट तिरके तिरके आवळत नेले, प्लग लावला नाही, आणि हाताने क्रँक फिरवला. पिस्टन वर आला आणि टक.

टक म्हणजे अगदी हळू, काडी मोडल्यासारखं. परत फिरवला, परत टक, त्याच जागी. हेड काढलं. नव्याकोऱ्या पिस्टनच्या डोक्यावर कडेला एक चमकणारा ठिपका. पिस्टन हेडला लागत होता. हाताने फिरवलं म्हणून ठिपक्यावर भागलं, किक मारली असती तर मजा होती.

दोन रात्री मी फक्त विचार केला. पिस्टन चुकीचा असेल? मापलं, बरोबर. रॉड वाकडा? नाही. मग हेडखाली जाड पॅकिंग घालू, सोपं आहे, लागायचं थांबेल. ते घालायच्या आधी सहज पिस्टन पार खाली नेला आणि टॉर्च मारून खिडक्यांत बघितलं, तर बाजूच्या दोन्ही खिडक्यांची खालची कड पिस्टनच्या वरच्या कडेखाली गेलेली, खिडकी पूर्ण उघडतच नव्हती, खाली मिलीमीटरभर झाकलेलीच. म्हणजे वर हेड जवळ आलंय आणि खाली खिडक्या उतरल्यात, म्हणजे अख्खा सिलेंडरच खाली बसलाय. तेव्हा काकांचा अंगठा आठवला.

कधीतरी सिलेंडरचं खालचं तोंड खराब झालं असणार. आणि त्याने ते लेथवर साफ सपाट करून घेतलं, त्यात सिलेंडर मिलीमीटरभर बुटका झाला. तेवढं भरून काढायला जाड पॅकिंग हवं, जाड पॅकिंग कुठे मिळतं, मग खोकं. मी डब्यात टाकलेला तो काळा पुठ्ठा शोधून काढला (मी काही फेकत नाही, यावर घरात वेगळी चर्चा चालू असते) आणि जाडी मापायला व्हर्नियर लावला. १.४ मिलीमीटर. शिसाच्या जुन्या पत्र्याचे त्याच जाडीचे तुकडे कापून सिलेंडरखाली ठेवले, पिस्टन खाली नेला, टॉर्च मारला. खिडकीची कड आणि पिस्टनची कड एका रेषेत. नखाने चाचपलं तरी पायरी लागेना.

म्हणजे माझ्या छिन्नीवाल्याने हे असं वाकून बघून, पुठ्ठ्याचा एक एक थर वाढवत, रेषेवर आणलं होतं. पिस्टन पुढे कधी, कोणी, कशामुळे चिकटवला ते देव जाणे, लिटरमागे ४० मिली ऑइल घालायचं कोणीतरी विसरलं असेल, पण ते पुठ्ठ्याच्या माथी मारायला आता माझी जीभ रेटेना.

मुलगी बाजूला बसली होती. म्हणाली, "बाबा, तू तर म्हणालेलास तो मूर्ख आहे."

"वायरिंगमध्ये आहे," मी म्हटलं.

मग खोकं शोधणं आलं. सगळी खोकी सारखी नसतात हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. काही मधून पन्हळीची, ती दाबली की बसतात. काही इतकी गुळगुळीत की ऑइल पीतच नाहीत. शेवटी चांगला निघाला तो नव्या पिस्टनचाच खोका, राखाडी, घट्ट, दाबून साधारण अर्धा मिलीमीटर. सिलेंडर त्यावर ठेवून पेन्सिल फिरवली, स्टडच्या भोकांना पोकळ पंच, बाजूच्या वाटांचे कोपरे ब्लेडने. पहिलं वाया गेलं, हात सरकला. तीन थर, मध्ये लाख, वर वजन ठेवून रात्रभर. सकाळी व्हर्नियर: १.४, अगदी काठावर. पिस्टन आणि हेडमधली फट बघायला प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घालून क्रँक फिरवला, तार चेपून एक मिलीमीटर राहिली. पुरे.

सिलेंडर शेवटचा बसवायच्या आधी वाटलं की आपल्यानंतर कोणी उघडेल तर त्याची माझ्यासारखी फजिती नको, कुठेतरी खूण करून ठेवावी की इथे तीन थर आहेत. पंच घेतला, कुठे मारावं म्हणून खालच्या कानाजवळ बोट फिरवत गेलो, नव्या काळ्या रंगाखाली बोटाला लागले. तीन खड्डे, ओळीत.

पंच परत डब्यात ठेवला.

ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या फटीत पातळ कागद धरून टायमिंग लावलं, म्हणजे ठिणगी कधी पडणार ते, कागद सुटतो तो क्षण पकडायचा, हे काम मला सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात कमी जमतं. टाकीत मिक्स्चर, टिकलर म्हणजे कार्ब्युरेटरवरचं छोटं बटण दाबून तो पेट्रोलने ओला केला, चोक. अकराव्या किकला भडका, बाराव्याला नाही, तेराव्याला चालू. रिंग-डिंग-डिंग आणि मागे इतका निळा पांढरा धूर की मुलगी दिसेनाशी झाली, नुसता तिचा खोकला आणि हसू येत होतं. जुळवाजुळव करताना आत सगळीकडे फासलेलं ऑइल जळत होतं, दहा मिनिटांनी धूर बराच कमी झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनखाली ऑइलचा थेंब. खाली आडवा झालो, बोट फिरवलं. सिलेंडरखालचा पुठ्ठा कोरडा ठणठणीत. गळत होतं ते गिअरबॉक्सच्या कव्हरमधून, पाकिटातलं छापील पॅकिंग लावलेलं तिथून.