इंग्रजी भेंड्या

मे महिन्यात मुंबईची पोरं हर्णैला उतरतात आणि रात्री लाईट गेली की ओटीवर भेंड्या रंगतात. गाण्यांच्या नव्हेत, इंग्रजी शब्दांच्या. खेळ दिसतो सोपा, पण जो तो शब्द 'ई'वर येऊन संपतो आणि ई-वाल्या शब्दांचा साठा लवकर आटतो. ज्याला 'एन्व्हलप' आठवतं त्याची चंगळ: ई गिळायचा आणि ई-च परत द्यायचा.

इंग्रजी माध्यमवाल्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे 'एक्स'. 'बॉक्स' टाकायचं आणि हाताची घडी घालून बसायचं. 'एक्स-रे' एकदाच चालतो, झायलोफोन गावात कुणी पाहिलेला नाही. एकदा शेजारच्या मराठी शाळेतल्या पोरानं शांतपणे 'झेरॉक्स' टाकला. सुरुवात एक्स, शेवटही एक्स! हे कंपनीचं नाव, चालणार नाही, असा गलका झाला. आजीनं निकाल दिला, "तलाठी झेरॉक्स मागतो तेव्हा कंपनी इचारतो काय रे?"

वाक्प्रचारांच्या याद्या मात्र पोरांना नकोशा होतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. बंदरावरच्या पोराला यादी कशाला? इंग्रजीतले कितीतरी वाक्प्रचार गलबतावरून उतरलेत. ओहोटीत चिखलावर कलंडलेली होडी म्हणजे 'हाय अँड ड्राय'. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते; त्या दिवसांत वाण्यानं उधारी थांबवली तर खलाशीही हाय अँड ड्रायच. होडीचा तळ वाळूला घासून थोडक्यात निसटला, ते 'टच अँड गो'. आता सगळं इंजिनावर चालतं, त्यामुळे 'टेकन अबॅक'साठी म्हाताऱ्या तांडेलाला गाठावं लागतं. वारा अचानक समोरून शिडावर आदळला की जहाज कसं जागीच थबकतं, हे तो छाती मागे रेलून असं दाखवतो, की पोरं दचकतात.

'थ्री शीट्स टू द विंड'मधली शीट म्हणजे शीड नव्हे, शिडाचं खालचं टोक ताणून धरणारा दोर. असे दोर सुटले की शिडं फडफडतात, जहाज झोकांड्या खातं. म्हणून तर्र झालेल्या माणसाला हे विशेषण. ओटीवर वाक्प्रचार न बोलता करून दाखवायचा खेळ असतो, त्यात हा सगळ्यांनाच हवा असतो. चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. शिमग्यात पाहिलेलं सगळं पोरं इथे ओतत असतात, आणि नेमकी नक्कल कुणाची चाललीय हे ओळखू येऊ लागलं, की आतून घाईघाईनं हाक येते, "पानं वाढलीत, चला आत!"