तीन फुटांचं गाव

कुर्डुवाडीला मी आजवर कितीदा आलो असेन, पण प्रत्येक वेळी खिडकीतूनच. सोलापूरला जाताना गाडी थांबायची, चहावाला ओरडत जायचा, गाडी हलायची. या खेपेला सकाळीच पाठीवर पिशवी टाकून मुद्दाम उतरलो.

कारण आजी. माहेर बार्शीचं, त्यामुळे आगगाडी म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे बार्शी लाईट, म्हणजे इथून सुटणारी छोट्या रुळांची रेल्वेच यायची. “आमची गाडी लहान होती, पण पंढरीला न्यायची,” असं ती ठसक्यात सांगायची. आषाढीला गर्दी एवढी, की डबे पुरायचे नाहीत. मग मालडब्यात बसूनही माणसं जायची.

स्टेशनाचं जुनं नाव बार्शी रोड. १८६०च्या सुमारास मुंबई-सोलापूर लाइन इथून गेली, पण बार्शीला बगल देऊन. बार्शी कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. तिथला माल बैलगाड्यांतून पस्तीसेक किलोमीटर हाकत इथवर आणावा लागे. कुर्डू गावच्या या वाडीला स्टेशन मिळालं ते असं, दुसऱ्याच गावाच्या नावानं.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं नेमका तो बैलगाडीचा रस्ता हेरला. आधी तो जीआयपी रेल्वेत, म्हणजे ही मुंबई-सोलापूर लाइन टाकणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. बार्शीपर्यंत दोन रुळांत फक्त अडीच फूट अंतर असलेली स्वस्त लाइन टाकायची, हे त्याच्या डोक्यानं घेतलं आणि परवानग्या, भांडवल यांत बरीच वर्षं गेली. एका ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या आसावर, पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा हट्ट. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला की हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, असा त्याचा हिशोब होता. इंग्लंडात लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून त्यानं आधी चाचण्या घेतल्या, आणि १८९७ साली बार्शीला गाडी गेली. पुढे १९०६ला पंढरपूर, १९११ला लातूर, १९२७ला मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरची लाइन झाली. याच माणसानं नंतर वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं, नाव ‘गार्डियन एंजल’. बार्शीच्या कापसापासून पॅराशूटपर्यंत! मला तर हे वाचून दोन मिनिटं काही सुचेना.

फलाटाच्या टोकाला कडुनिंबाखाली एक म्हातारे गृहस्थ बसले होते. जुन्या लाइनीची चौकशी केली तर त्यांनी आधी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“कुठलं म्हणायचं पाव्हणं?”

“पुण्याचा. आजी बार्शीची होती.”

“मग आपलंच की! बसा.”

वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झालेली. छोट्या लाइनीची इंजिनं-डबे दुरुस्त करायचं ते रेल्वेचं वर्कशॉप. पण त्यांच्या बोलण्यात इंजिनांपेक्षा हमालच जास्त होते. मोठी लाइन साडेपाच फुटी, छोटी अडीच. एकीचा डबा दुसरीवर चढणार कसा? मग प्रत्येक पोतं इकडून उतरवा, पाठीवर घ्या, तिकडं चढवा. “तूर आली की अंगाला खाज, मिरची आली की डोळ्याला पाणी,” असं सांगून ते गालातल्या गालात हसले. प्रवाशांचंही तेच. गाडी बदलायची म्हणून मुक्काम, मुक्काम म्हणून चहा, भजी, भाकरी, धर्मशाळा.

मी मनात वजाबाकी केली. साडेपाचातून अडीच गेले, उरले तीन. त्या तीन फुटांच्या फरकावर हे सगळं गाव जेवत होतं!

१९५४ साली सरकारनं बार्शी लाईटची कंपनी विकत घेतली, तरी फरक तसाच राहिला. तो मिटला २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत, टप्प्याटप्प्यानं छोटी लाइनही साडेपाच फुटी झाली तेव्हा. धाराशिव शहराला छोट्या लाइनीनं कधी शिवलं नव्हतं. मोठी होताना ती वळवून शहरात नेली. लातूरकरांची सोय झाली, पंढरीला गाड्या वाढल्या. याबद्दल हळहळ करणारे बहुतेक माझ्यासारखे, ज्यांना कधी मालडब्यात बसावं लागलं नाही ते.

“तुम्हाला वाईट वाटलं का?” मी विचारलं.

“वाईट कशाचं? पाठ वाचली लोकांची.” मग थोडं थांबून, “पर आता हितं उतरतंय कोण?”

दुपारी भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा खाल्ला. उन्हात गावातून फिरलो. जुन्या वस्तूंची यादी करायला आलो होतो, वहीत चार ओळीही धड उतरल्या नाहीत. रुळांची जागा विचारली तर एकानं बाभळींकडे हात केला, दुसऱ्यानं बरोबर उलट्या बाजूला.

परत फलाटावर आलो. आजीच्या वाटेनं पंढरपूरला जायचं ठरवलं होतं. म्हाताऱ्यांनी चहा मागवला आणि तेवढ्यात गाडी लागली.

“घ्या, घ्या, थांबती ती,” ते म्हणाले.

थांबली, पण मोजून दोन-तीन मिनिटं. कप अर्धा ठेवून मला पळावं लागलं.