तांबडा बोल की पाणी? आमच्या बोअरच्या लॉगिंगचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यात निपाणीजवळ आमच्या उसाच्या रानात साडेसहा इंची बोअर मारली. पाणी लागलं, पण ते कुठल्या थरातून येतंय हे कुणालाच नीट सांगता येईना. हा पट्टा दख्खनच्या बेसाल्टचा. घट्ट काळ्या पाषाणात पाणी नसतं; ते भेगांत, मांजऱ्यात (भोकं भोकं असलेल्या खडकात) आणि दोन लाव्हा-थरांच्या सांध्यात सापडतं. म्हणून मोटार सोडण्याआधी इलेक्ट्रिकल लॉगिंग (बोअरमध्ये उपकरण सोडून खोलीनुसार खडकाच्या विद्युत गुणांची नोंद) करायचं, असा मी हट्टच धरला.

हा लॉग पाण्यानं भरलेल्या, उघड्या बोअरमध्येच घेता येतो. वरच्या मुरमाला केसिंग होतं, तेवढा भाग सोडून द्यावा लागला. प्रोब, म्हणजे मोजणीचं उपकरण, तळापर्यंत सोडला, एक सळी ओल्या मातीत ठोकली आणि खालून वर केबल ओढली. एसपीची, म्हणजे बोअरमध्ये आपोआप तयार होणाऱ्या विद्युत दाबाची, रेघ सारखी थरथरत होती. शेजारच्या आबांची मोटार बंद केली तेव्हा कुठं ती थांबली. तरी ती जवळपास सरळच राहिली, कारण बोअरमधलं आणि खडकातलं पाणी एकच. क्षारांत फरकच नाही.

खरी माहिती रोधकतेच्या, म्हणजे खडक विजेला किती अडवतो ते दाखवणाऱ्या, रेघांनी दिली. एकीत इलेक्ट्रोडमधलं अंतर 16 इंच, दुसरीत 64. लांब अंतराची रेघ खडकात दूरपर्यंत पाहते, पण 64 इंचांहून पातळ कठीण थर तिच्यात उलटा, कमी रोधकतेचा उमटतो. म्हणून दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायच्या.

130 आणि 210 फुटांजवळ रोधकता एकदम घसरली होती. "म्हणजे दोन्हीकडं पाणी की!" आबा म्हणाले. पण चिकणमातीतूनही वीज सहज वाहते. बोअर मारताना दर दहा फुटांचा चुरा मी पिशव्यांत भरून ठेवला होता. 130 ची पिशवी उघडली तर नुसता तांबडा बोल, म्हणजे लाव्हा-थरांमधली लाल चिकणमाती, बोटांत चोळला की मेणासारखा पसरणारा. 210 ला भोकं भोकं पडलेला खडक, भोकांत झिओलाइटचे पांढरे खनिज-खडे आणि भेगांच्या कडा गंजाच्या रंगाच्या. पाणी इथलं.

तेलाच्या विहिरींत 1927 पासून असे लॉग घेतात, पण रोधकतेवरून खडकातल्या पाण्याचा अंदाज काढणारं 1942 चं आर्चीचं सूत्र स्वच्छ वालुकाश्मासाठी आहे. आमच्या बेसाल्टला चुऱ्याचीच साक्ष हवी.

बोल भिजला की ढासळतो आणि मोटार अडकते. म्हणून आतून पाच इंची पीव्हीसी पाइप सोडला, 210 च्या आसपास चिरा पाडलेला, आणि मोटार चार इंची घेतली. आबांनीही ठरवलंय: दुरुस्तीला मोटार वर काढली की आधी लॉग, मगच मोटार खाली.