कर्दे-मुरुड, तीन रात्री: रूम घ्या, बुफे घेऊ नका

सहा माणसं, एक रात्र, जेवणाचं जादा बिल ६,७८० रुपये. 'डिनर पॅकेजमध्ये आहे ना?' असं रिसॉर्टला फोनवर तीनदा विचारलं होतं आणि तीनदा 'हो सर, बुफे आहे, सीफूडसकट' हे उत्तर मिळालं होतं. दापोलीजवळच्या कर्दे-मुरुडला सहकुटुंब जाणाऱ्यांनी निघण्याआधी एवढं वाचाच, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही नाताळच्या सुट्टीत गेलो. मी, बायको, आई-बाबा, दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत दापोली. पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचता. घाटात लहान मुलांना गाडी लागते, त्याची तयारी तुम्ही कराल हे धरून चालतो. रेल्वेने येणाऱ्यांना खेड स्टेशन जवळ पडतं, पुढे एसटी किंवा रिक्षा. बस, रस्त्याबद्दल एवढंच.

आता पॅकेज. रिसॉर्टवाले ईपी, सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं बोलतात. ईपी म्हणजे नुसती रूम. सीपी म्हणजे रूम आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक वेळचं जेवण. एपी म्हणजे तिन्ही वेळा. आम्ही एमएपी घेतलं, रूमला ६,८०० रुपये, अशा दोन रूम. यात फक्त दोन मोठी माणसं धरलेली असतात हे माहीत होतं. मुलांचं वेगळं पडेल, 'बारा वर्षांखाली अर्धा दर' असं सांगितलं होतं. तेही कबूल.

रात्री आठला हॉलच्या दाराशी पोचलो तर चौकटीवर चार फुटांवर लाल पट्टी मारलेली. मुलीला तिथे उभं केलं, तिचं डोकं पट्टीच्या दोन बोटं वर गेलं आणि 'सर, हिचा फुल चार्ज लागेल' म्हणाले. वय दहा, आधार कार्ड माझ्या मोबाइलमध्ये. 'आमच्याकडे हाइटवर आहे.' मागे चार कुटुंबं उभी, पोरं भुकेली, आईचे गुडघे दुखत होते. मी हो म्हटलं. तिथे हो म्हणायला नको होतं. त्या एका होकाराचे ५५० रुपये जादा गेले, शिवाय मुलगी जेवली दोन पुऱ्या आणि नूडल्स.

आत अठरा-वीस भांडी. त्यात कोकणचं म्हणावं असं काय होतं? पनीर बटर मसाला, दाल तडका, जीरा राइस, व्हेज हाक्का नूडल्स, रशियन सॅलड, गाजर हलवा. एका भांड्यावर 'कोकणी फिश करी' अशी पाटी. बाबांनी दोन तुकडे घेतले, एक बोटांनी उलगडला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, याला काटाच नाही." खरंच नव्हता. कातडी नाही, मधलं हाड नाही, पांढरा मऊ तुकडा, दाबला की पाणी सुटतंय. हा बासा. गोठवलेला, तळ्यात वाढवलेला, व्हिएतनामहून खोकी भरून येणारा मासा. स्वस्त असतो, साफ करावा लागत नाही, म्हणून बुफेवाल्यांना सोयीचा. बासा खाणं काही पाप नाही. पण बोटींचे दिवे खिडकीतून दिसत असताना त्याच्यावर 'कोकणी' लिहिणं मला पटत नाही. सुरमई कशी ओळखायची तर तुकडा आडवा कापलेला असतो, मधोमध गोल हाड, कडेला चंदेरी कातडी. तेवढं बघा, फसणार नाही.

सोलकढी गडद गुलाबी होती. आमसुलाची सोलकढी फिकी, किंचित जांभळट असते, वर नारळाच्या दुधाची साय धरते आणि घशाला लसूण-मिरची जाणवते. ही गोड होती. मुलाने दोन ग्लास प्यायले, यावरूनच काय ते समजा.

माझी आई माळकरी आहे. तिच्यासाठी डाळ घ्यायला गेलो तर डाळीच्या भांड्यात ठेवलेला डाव फिश करीत बुडवून परत आणलेला. डावाला चिकटलेला लाल रस्सा मी डोळ्यांनी बघितला. शेजारचे एक गृहस्थ तोच डाव घेऊन दोन्हीकडे फिरत होते. त्यांना काय दोष द्यायचा, दोन भांडी हातभर अंतरावर आणि फिश करीला डावच ठेवला नव्हता. आई दहीभात आणि पापड खाऊन उठली. तिने तक्रार केली नाही, म्हणून मला जास्त लागलं. घरात कोणी माळकरी असेल, उपास असेल, तर बुफेचा विचारच करू नका.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. हॉलच्या मधोमध, सॅलड आणि गोडाच्या टेबलांच्या बरोबर मध्ये, तव्याचं काउंटर. बर्फावर पापलेट, सुरमई आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मांडलेल्या. तव्यावरचा मुलगा हसून विचारतो, "सर, फ्रेश पापलेट टाकू?" वेगळं काउंटर आहे, पैसे वेगळे आहेत, याची पाटी कुठेही नाही. बाबांचा पडलेला चेहरा बघून मी म्हटलं, टाक. दोन पापलेट, चार तुकडे सुरमई, एक प्लेट तिसऱ्या. मासा चांगला होता, ते नाकारत नाही. बाबा जेवले.

बिल आलं ते असं. पापलेट ८५० प्रमाणे १,७००. सुरमई ४५० प्रमाणे १,८००. तिसऱ्या ४८०. मुलीचे ११०० आणि मुलाचे ५५० मिळून १,६५०. पाण्याच्या चार बाटल्या, ६० प्रमाणे २४०. एकूण ५,८७०. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज ५८७, आणि त्या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी.

मी मॅनेजरला विचारलं, माशाचा दर आधी का नाही सांगितला? तो म्हणाला, "सर, ॲज पर साइज असतो." कोकणातल्या मेन्यूकार्डावर माशापुढे आकड्याऐवजी हेच लिहिलेलं असतं. याचा अर्थ दर मासा बघून ठरतो. लबाडी त्यात नाही, बाजारात मासा रोज वेगळ्या भावाने येतो. पण मग मासा तव्यावर जाण्याआधी दर सांगायचा असतो. तुम्ही बोट दाखवायचं, तो सांगेल, मग हो म्हणायचं. तळलेल्या माशाचा भाव करता येत नाही.

पाण्यावर मी भांडलो नाही. हॉटेलात बसून पिण्याच्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात, सुप्रीम कोर्टाचा २०१७चा निकाल तसाच आहे. घरून वीस लिटरचा जार न्या, किंवा साधं फिल्टरचं पाणी मागा. सर्व्हिस चार्जवर मात्र भांडलो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना आहेत की तो आपोआप बिलात लावता येत नाही, आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. हे शांतपणे सांगितलं, १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फोनवर टाइप करून समोर धरला. त्याने सर्व्हिस चार्ज काढला. नवीन बिल ६,१६३.५०. म्हणजे ६१६ रुपये पाच मिनिटांत वाचले. आवाज चढवावा लागत नाही. पण टिप देणार असाल तर तव्यावरच्या आणि टेबल पुसणाऱ्या मुलांच्या हातात रोख द्या. ती पोरं दिवसभर उभी असतात, दर त्यांनी ठरवलेले नसतात.

दुसऱ्या दिवशी अंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो, किनाऱ्यावर खेळलो, छान गेला दिवस. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते मुरुडच्या खाणावळीबद्दल. माडा-पोफळीच्या वाडीत घर, पडवीत चार टेबलं. आदल्या रात्री रिसॉर्टच्या वॉचमननेच नंबर दिला. सकाळी नऊला फोन केला तर बाईंनी आधी विचारलं, "माणसं किती, मासे किती जण खाणार, लहान मुलांना तिखट कमी करू का?" आईसाठी वेगळ्या चुलीवर करतो म्हणाल्या. दीडला गेलो. आईला कुळथाचं पिठलं, डाळिंब्यांची उसळ, तांदळाची भाकरी, आणि सकाळी सांगितले होते म्हणून उकडीचे मोदक. बाईंनी मोदक आणून ठेवला, त्याची कळी बोटाने फोडली आणि वाटीतलं तूप आत ओतलं. वाफ वर आली तशी आई पहिल्यांदा हसली, तीन दिवसांतली. आम्हाला बांगड्याचं कालवण, तळलेले बोंबील, सुरमईचा तुकडा, सोलकढी. बाबांनी भाकरी चार वेळा मागून घेतली. सहा जणांचे १,९५० रुपये झाले. मी ते पैसे देताना खरोखर आनंदाने दिले. घरी येऊन चार दिवस झाले तरी बाबा त्या बोंबलांबद्दल बोलतायत.

त्या संध्याकाळी हर्णै बंदरावर गेलो. लिलाव टोपल्यांचा, ढिगांचा होतो, आपल्याला एक मासा त्यात मिळत नाही. कडेला बसलेल्या कोळणींकडून घ्या. कल्ले लाल, डोळे चकचकीत, बोट दाबलं तर खळगा भरून यायला हवा. समोर सुवर्णदुर्ग दिसतो. बऱ्याच खाणावळी तुम्ही आणलेला मासा करून देतात, करणावळ आधी ठरवा. सकाळी विचारून ठेवलं तर रात्रीचं जेवण असं सहज निघतं. बंदरावर चप्पल जुनी घाला.

पावसाळ्यात जाणार असाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा कोणी 'आजचा ताजा पापलेट' म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. सुकट, सुके बोंबील खा, तेही उत्तम.

तिसऱ्या रात्रीचं पॅकेजमधलं जेवण आम्ही सोडून दिलं. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. बुकिंग करतानाच सीपी घेतलं असतं तर रूममागे ११०० रुपये कमी होते, हे नंतर कळलं. नाश्ता मात्र रिसॉर्टचाच घ्या, सकाळी खाणावळी उशिरा सुरू होतात आणि मुलं तोवर थांबत नाहीत. पोहे, इडली, ऑम्लेट, ठीक असतं.

तरीही बुफेचंच पॅकेज घ्यायचं असेल तर फोनवर बोलून सोडू नका, मोबाइलवर लिहून पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. मी पुढच्या वेळी हाच मजकूर पाठवणार आहे: 'डिनर बुफेत कोणते मासे आहेत, नावं सांगा. तव्यावरचा मासा पॅकेजमध्ये आहे का, नसेल तर दर काय? मुलांचा दर वयावर की उंचीवर? सर्व्हिस चार्ज लावता का? शाकाहारी जेवणाचं टेबल वेगळं आहे का?' यातल्या एकाही प्रश्नाला 'या ना सर, बघू' असं उत्तर आलं तर नुसती रूम घ्या.