अर्ध्या सुराचं भांडण आणि आमचा बँड

आमच्याकडं बँड काढणं काही अवघड नाही. मेरठहून वाद्यं मागवायची, ड्रेस शिवायला टाकायचे, टेम्पोवर मोठ्या अक्षरात नाव रंगवायचं, झाला बँड. अवघड आहे ते पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर तीच माणसं परत उभी करणं. पुण्यातला प्रभात ब्रास बँड 1938 पासून चाललाय म्हणतात तेव्हा लोक वाजवण्याचं कौतुक करतात, मला मात्र एवढ्या वर्षांत माणसं कशी टिकवली असतील याचंच नवल वाटतं. आमचा बँड वडिलांचा, कऱ्हाडजवळचा, आता मी बघतो. बघतो म्हणजे सुपारी घेणं, विसार घेणं, तारखा लावणं, गाडीचं डिझेल आणि भांडणं.

आधी हे पैशाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात उचल चालते. ऊसतोडीवाल्यांना मुकादम देतो तशीच. दिवाळीच्या आधी कलाकाराला काही हजार रोख द्यायचे, मग तो सीझनभर तुमच्याकडं वाजवतो आणि रोजातून ते फिटत जातात. कागद नाही काही नाही, सगळं तोंडी. आणि दाट तिथ, म्हणजे एकाच दिवशी ढीगभर लग्नं, आली की दुसरा बँडवाला तुमच्या माणसाला रात्री फोन करतो, एका दिवसाचे दुप्पट देतो ये म्हणतो, की हा निघाला. उचल राहिली तुमच्या वहीत. पोलीस स्टेशनला जाऊन काय सांगणार, साहेब माझा युफोनियमवाला पळाला? (युफोनियम म्हणजे जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य.)

त्यात कोरोनानं जे पांगवलं ते अजून पुरतं गोळा झालेलं नाही. 2020 चा उन्हाळा लॉकडाऊनमध्ये गेला, 2021 ला वाटलं आता सुटलो तर एप्रिलमध्ये आदेश आला, लग्न दोन तासात उरका आणि माणसं पंचवीसच, मोडलं तर पन्नास हजार दंड. पंचवीस माणसांत नवरा-नवरी, आईबाप, मामा, भटजी धरले तर बँडवाल्याला जागा कुठं? आमचे दोन ट्रम्पेटवाले तेव्हा एमआयडीसीत गेले ते गेलेच. महिन्याचा पगार, पीएफ, ते कशाला येतील परत उन्हात तोंड सुजवून घ्यायला, आणि मी पण कुठल्या तोंडानं बोलवू.

म्हणून मग मी गाडा जोडला. गाडा म्हणजे ट्रॉली हो, वर कॅसिओ, पॅड, भोंगे, जनरेटर आणि गाणारी. पोरांना नाचायला तेच लागतं आणि नुसत्या ब्रासची सुपारी हल्ली कोण देत नाही. गाडा माझा नाही, कॅसिओवाल्या पोराच्या दाजीचा, त्याचे हप्ते चालू आहेत. कॅसिओवाला बावीस-तेवीसचा, हुशार, कुठलंही गाणं एकदा ऐकून वाजवतो, बोलायला मात्र फटकळ. आणि ब्रासचा म्होरक्या म्हणजे आमचे मामा. माझे सख्खे मामा नव्हेत, सगळा बँड त्यांना मामा म्हणतो. क्लॅरोनेट वाजवतात, वडिलांच्या वेळेपासून, आणि सगळे ब्रासवाले त्यांच्या डोळ्याकडं बघून वाजवतात.

तर त्या दिवशी मे महिन्यातली दाट तिथ. सकाळी परण्या म्हणजे नवरदेवाची मांडवाकडं मिरवणूक, दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त, संध्याकाळी वरात, असं पूर्ण दिवसाचं काम. तिथीच्या आदल्या रात्री सगळी पोरं आमच्या दुकानामागच्या खोलीत झोपायला असतात म्हणजे पहाटे गोळा करत हिंडायला नको. पहाटे उठून बघतो तर दोन्ही युफोनियमवाले आणि मोठा ढोलवाला गायब. फोन बंद. वाद्यं जाग्यावर होती म्हणून म्हटलं चहाला गेले असतील, तर ट्रम्पेटवाल्या पोरानं युफोनियम उचलून दाखवलं, माउथपीस नाही. दोन्हीचे नाहीत. माउथपीस ज्याचा त्याचा असतो, ओठाला बसलेला, खिशात घालून नेतात. ट्रम्पेटचा माउथपीस युफोनियमला बसत नाही, नळीत खडखड हलतो. म्हणजे दोन युफोनियम आहेत आणि फुंकायला एकही नाही.

ज्याला बँडमधलं कळत नाही त्याला वाटेल दोन युफोनियम नसले तर काय बिघडलं. बिघडतं. खालचा जाड आवाज गेला की वरचं क्लॅरोनेट, ट्रम्पेट नुसतं किंचाळल्यासारखं वाटतं, ऐकणाऱ्याला नेमकं कळत नाही काय कमी आहे पण विसार परत मागतो.

वडिलांच्या बँडमधले एक आबा शेजारच्या वाडीत राहतात. दात गेले, कवळी बसवली तसं वाजवणं बंद, कारण ब्रासचं सगळं बळ पुढच्या दातांवर असतं. त्यांच्याकडं गाडी पळवली. आबांनी ट्रंकेतनं फडक्यात गुंडाळलेला माउथपीस काढला, लुगड्याचं फडकं होतं, आणि हातात द्यायच्या आधी दहा मिनिटं बोलले. "तुझ्या बापाची मानसं पळायची न्हाईत आन तुझीच कशी पळत्यात?" मी म्हटलं आबा तेव्हा मोबाईल नव्हते. म्हणाले, "मोबाईल नव्हता पर येष्टी हुतीच की." यावर काय बोलणार. माउथपीस घेतला आणि निघालो.

एका ट्रम्पेटवाल्याला युफोनियमवर घातलं. दोन्हीची बोटं सारखीच, तीन बटनं, फक्त माउथपीस मोठा, त्यामुळं ओठ ढिले सोडावे लागतात आणि ते लगेच जमत नाही. मामांनी त्याला सांगितलं, लांब लांब स्वर धर, पळू नको. मोठा ढोल गाड्याच्या ऑपरेटरनं गळ्यात घातला, गाड्याचं ड्रायव्हर बघतो म्हणाला. सोळाचे तेरा झालेले आणि मी आपला हिशोब घालतोय की चला, निघाला दिवस.

आणि मारुतीच्या देवळाजवळ परण्या तयार, नवरदेव घोड्यावर, आणि गाणारी म्हणाली आज मी पांढरी सहाला गाणार.

हे जरा समजून घ्या. काळी पाच, पांढरी सहा म्हणजे हार्मोनियमच्या पट्ट्या, ज्या पट्टीवर सा धरायचा ती. क्लॅरोनेट, ट्रम्पेट, युफोनियम ही आमची वाद्यं बनवतानाच काळी पाचला बसवलेली असतात. काळी पाचचा सा घेतला की बोटं सरळ पडतात, पळती जागा पण आरामात येते. पांढरी सहा म्हणजे तिथनं फक्त अर्धा सूर खाली. गाणाऱ्याला अर्धा सूर म्हणजे मोठा आधार असतो, आणि बाई खरंच लागोपाठ तिथी गाऊन घसा बसलेली होती, तिचं चुकीचं नव्हतं. कॅसिओवाल्याला तर सूर वर-खाली करायचं ट्रान्सपोजचं बटन एकदा दाबलं की विषय संपला. पण क्लॅरोनेटवर त्या अर्ध्या सुरासाठी सगळ्या आडव्या चाव्या येतात, करंगळ्या नाचवाव्या लागतात, आणि तेच गाणं जे झोपेत वाजायचं ते चाचपडत वाजतं. ते पण चालून, उन्हात.

मामा म्हणाले, "माझ्याकडं बटन न्हाई बाबा."

इथं जर कॅसिओवाला गप्प बसला असता तर काहीतरी निघालं असतं. पण तो म्हणाला, "मामा तुम्ही नुसतं पुढं उभं राहा, मी क्लॅरोनेटचा टोन लावतो." आणि लावला पण. भोंग्यातनं क्लॅरोनेटचा आवाज आला, पांढरी सहाला, एकदम स्वच्छ.

मामा काहीच बोलले नाहीत. क्लॅरोनेटचे सांधे एकेक सोडवले, रीडची पट्टी काढून पुसली, तिच्या डबीत घातली, पेटी बंद केली आणि देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसले. त्यांच्या मागं ट्रम्पेटवाला, त्याच्या मागं सॅक्सवाला, साइड ड्रमवाले, खुळखुळेवाला सुद्धा. खुळखुळ्याला कसली आलीय काळी पाच न् पांढरी सहा, पण तो पण बसला! नवरदेवाचा चुलता माझ्याकडं बघतोय, घोडेवाला घोडं फिरवतोय, करवल्या फेटे सावरत उभ्या.

मी कॅसिओवाल्याला बाजूला घेतलं तर तो आधीच तयार, "मी गाडा घेऊन जातो, दाजींना सांगतो." गाडा गेला तर संध्याकाळची वरात गेली आणि पार्टीनं पैसे वरातीचेच दिलेले असतात. मामा गेले तर परण्या आत्ता जाग्यावर गेला. दोघांना एकत्र वाजवायला लावायची वेळच नव्हती ती, म्हणून मी दिवस कापला. परण्या आणि मंगलाष्टकं झाल्यावरचं वाजवणं फक्त ब्रासचं, काळी पाचला, गाडा बंद, बाईनं घशाला आराम द्यायचा. वरात गाड्याची, तिला जो सूर पाहिजे तो, ब्रासनं फक्त ढोल-ड्रमची साथ आणि मधे मधे पट्टी बदलून एखादा तुकडा. कॅसिओवाल्याला हे पटलं कारण त्याला सकाळी सावलीत झोपायला मिळणार होतं. मामांना पटलं का ते कळलं नाही, त्यांनी फक्त पेटी उघडली.

परण्या चांगला झाला. फार ग्रेट नाही, युफोनियमवर पोरगं दोनदा घसरलं, पण चांगला. बारा पस्तीसला अक्षता पडल्या पडल्या उठाव बरोबर घेतला. (मंगलाष्टकात आम्हा वाजंत्र्यांचा उल्लेख येतो तो पण फार गलबला करू नका म्हणून, हे एक आहे.)

वरात आठला निघाली. पोरं गाड्यापुढं अशी नाचली की टेम्पोला पाऊल टाकायला जागा नाही. बाई पांढरी सहाला मोकळी गायली, कॅसिओवाल्याचा हात काय चालत होता, मान्य करायला पाहिजे. मामा पेटी काखेत धरून कडेनं चालत होते. पावणेदहाला बीटचे हवालदार गाडी लावून उभेच राहिले, रात्रीचे दहा म्हणजे दहा, नियम 2000 सालापासूनचा आहे पण पाळायला लावायला हल्ली लागलेत. दहाच्या आत बंद केलं.

आणि खरं भांडण त्यानंतर, मांडवामागं, हिशोबाला. सुराचं भांडण आहे असं मला सकाळी वाटलेलं, ते ओवाळणीचं होतं. वरातीत लोक नोटा ओवाळून टाकतात, दहाच्या, विसाच्या, एखादा पन्नासची. पूर्वी बँडमध्ये त्या क्लॅरोनेटवाल्याच्या टोपीत जायच्या आणि तो मग वाटायचा. गाडा आल्यापासून त्या गाणारीवर पडतात, ती आणि कॅसिओवाला वाटून घेतात, आणि ब्रासवाले बघत राहतात. मामा सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "सकाळी मी वाजवलं तवा ओवाळणी पडली न्हाई, कारन लोकं संध्याकाळसाठी राखून ठेवत्यात." साधी गोष्ट, पण माझ्या डोक्यात कधी आली नव्हती.

मी सगळ्या नोटा एका फडक्यात ओतायला लावल्या. चार हजार दोनशे पन्नास निघाले. मला सोडून सतरा माणसं होती, ड्रायव्हर धरून. अडीचशे-अडीचशे. खुळखुळेवाल्याला पण अडीचशे, बाईला पण अडीचशे. म्हटलं आजपासून असंच. मामांनी नोटा मोजल्या नाहीत, तशाच खिशात घातल्या. कॅसिओवाला कुरकुरला पण त्याचा दाजी खूश झाला कारण ड्रायव्हर त्याचाच भाऊ.

बाईचा दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. शांतपणे बोलली, दादा तुमचं बरोबर आहे पण नोटा माझ्यावर पडतात, घसा माझा बसतो, मला नाही परवडत. शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या बँडमध्ये गेली. तिचं तरी काय चूक, घर तिच्यावर आहे. एकाला धरायला जावं तर दुसरं सुटतं.

पळालेले तिघं पावसाच्या आधी आले, खाली मान घालून, तिकडं म्हणे ठरलेलं दिलंच नाही. घेतले. न घेऊन सांगू कुणाला, गणपती पुढं होते आणि उचल अजून फिटायची होती. आबांचा माउथपीस मात्र मी दुकानाच्या कपाटात कुलपात ठेवलाय, परत मागितला नाही त्यांनी.

सध्या अडलंय ते गाणारीपाशी. दोघीजणी येऊन गेल्या, एक काळी चारला गाते, दुसरी म्हणाली आधी उचल किती ते सांगा. कुणाच्या ओळखीत काळी पाचला आरामात गाणारी असेल तर बघा. ओवाळणी सारखी वाटली जाते हे आधीच सांगून ठेवा म्हणजे दोघांचा पण वेळ वाचेल.