नऊचा एक झाला

९ ऑक्टोबर २०२३ ला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या दुकानापुढे रांग. ग्वाल्हेरबाहेरच्या लोकांना खरं वाटत नाही, पण आमच्या चंबळच्या पट्ट्यात निवडणूक म्हणजे बंदुका जमा करायचा सीझन. आदेश निघाला की हत्यार एकतर ठाण्यात द्यायचं नाहीतर लायसनवाल्या डीलरकडे. ज्याचा बंदुकीवर जीव आहे तो ठाण्यात देत नाही, मालखान्यात उसाच्या मोळीसारख्या एकीला एक टेकवून ठेवतात आणि दोन महिन्यांनी हातात येते ती गंजून. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका गन हाउसवर सत्तावीस वर्षं काउंटर सांभाळतोय, आधी माझे वडील होते. मालक सकाळी दिवा लावून जातात, रजिस्टर माझ्याकडे.

जमा करून घ्यायचं काम सोपं वाटतं पण नाहीये. आधी नळी उघडून बघायची, भरलेली तर नाही ना, दर वर्षी दोनतीन तरी भरलेल्या निघतात आणि वरून म्हणतात अरे हो राहिलं वाटतं. मग लायसनच्या बुकातला नंबर आणि बंदुकीवरचा नंबर स्वतः वाचून जुळवायचा, गिऱ्हाईक बोलेल तो नंबर कधीच लिहायचा नाही. मग रजिस्टर, पावती, चापाच्या कडीला तारेने पुठ्ठ्याची चिठ्ठी, नळीत तेलाचा बोळा, आणि आत. दिवसाला साठ सत्तर.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला, दुपारी एक काकू आल्या. शिंदे की छावणीत राहणाऱ्या, सत्तरीच्या आसपास, बरोबर मुलगी आणि रिक्षावाल्याने उचलून आणलेली चामड्याची पेटी. मी मराठी बोलतोय म्हटल्यावर त्यांनी खुर्चीवर बसून आधी पाणी मागितलं. यजमान ऑगस्टमध्ये गेले, बंदूक त्यांच्या नावावर, त्याआधी सासऱ्यांच्या. माणूस गेला की लायसन संपतं आणि बंदूक जमा करावी लागते हे बिचाऱ्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, पितृपक्ष झाल्यावर मुलगी घेऊन गेली ठाण्यात. तिथल्या मुन्शीने नंबर बघितला, बुक बघितलं, आणि म्हणाला ये बंदूक वो है ही नहीं, असली कहाँ बेची? शस्त्र कायद्याचं पंचवीसचं कलम लागेल म्हणाला. गर्दी होती म्हणून नोंद न करता परत पाठवलं, नंबर ठीक कराके लाओ. नवरा जाऊन दोन महिने झालेल्या बाईशी बोलायची ही रीत आहे का? मला त्या माणसाचा अजून राग येतो, पण एक सांगतो, नंबर जुळत नव्हता हे खरंच होतं.

बुकात ७११४६. बंदुकीवर ७१९४६.

आता ही बंदूक काय होती ते सांगायलाच पाहिजे, कारण अशी माझ्या हातात वर्षातून एखादी येते. बर्मिंगहॅमची वेब्ली अँड स्कॉट, बारा बोअर दुनाळी, अठ्ठावीस इंची नळ्या, अक्रोडाचा दस्ता, त्यावर हात फिरून फिरून आलेली ती काळपट चमक. फोरएंड म्हणजे नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग काढला, नळ्या उतरवल्या, खालच्या सपाट भागावर मुकुट आणि त्याखाली बीएनपी, म्हणजे बर्मिंगहॅमला बंदूक तपासल्याची खूण, शेजारी काडतुसाच्या घराची लांबी २½ इंच, दाब ३ टन, सगळे ठसे जागच्या जागी, हे टनाचे ठसे १९५४ नंतरच्या इंग्रजी बंदुकांवर येतात. नंबर तीन ठिकाणी असतो, नळीवर, बॉडीवर आणि फोरएंडच्या लोखंडावर, तिन्ही ठिकाणी ७१९४६. भिंग लावून बघितलं, कुठे कानस मारल्याची खूण नाही, नऊ चांगला खोल, त्याच्या पोटातला गोल सुद्धा स्वच्छ. म्हणजे बंदूक एकसंध होती, दुसरीचे भाग जोडलेली नव्हती. पण लायसनवरची हीच ती कशावरून, हे बंदूक सांगू शकत नाही. आणि मी जर ७१९४६ रजिस्टरमध्ये लिहिला तर बिनालायसनची बंदूक आत घेतल्यासारखं होतं, ७११४६ लिहिला तर ते सरळ खोटं. पेन हातात घेऊन बसलो होतो आणि मागे रांग ओरडत होती.

मी विचारलं, काकू, खरेदीचं बिल आहे का. मुलीने लगेच भावाला व्हिडिओ कॉल लावला, तो टेक्ससमध्ये असतो, तिकडे रात्रीचे तीन साडेतीन. तो म्हणाला काका इतकं जुनं बिल कोण ठेवतं, इकडे तर माझे मित्र मुद्दाम फाडून टाकतात, कागद राहिले तर सरकारकडे यादी होईल म्हणून. तिकडची पद्धत मला थोडी माहिती आहे, तिथे दुकानात घेताना फॉर्म ४४७३ भरतात, तो दुकानदाराकडेच राहतो, केंद्राने बंदूकवाल्यांची यादी करू नये असा १९८६ चा त्यांचा कायदाच आहे. बंदूक गुन्ह्यात सापडली की कंपनी, मग घाऊकवाला, मग दुकान असं विचारत विचारत पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत येतात, आणि तिथे साखळी संपते. मी त्याला म्हटलं, तुझ्या मित्राने ती पुढे कोणाला विकली असेल आणि लिहून घेतलं नसेल तर पोलीस दारात आल्यावर तो काय दाखवणार? किंवा चोरीला गेली तर नंबर कुठून देणार? तो गप्प झाला. मग म्हणाला, पण दुकान बंद पडलं तर ते फॉर्म मार्टिन्सबर्ग नावाच्या गावी सरकारी केंद्रात जमा होतात, दुकान गेलं तरी कागद राहतो. हे वाक्य मला तेव्हा नुसतं ऐकायला आलं, दोन तासांनी बोचलं.

काकू एवढा वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, कागद ना, ह्यांनी पोथ्यांच्या पेटीत ठेवलेत काही, सासऱ्यांचे आहेत म्हणून मी कधी हात लावला नाही. रिक्षा करून गेल्या आणि दीड तासाने आल्या, हातात लाल फडक्यात बांधलेली चौकोनी घडी. घड्यांवर कागद इतका झिजलेला की मी काउंटरवर काच ठेवली आणि तिच्याखाली सरकवला. १९५८ चं बिल, टाइप केलेलं, रेव्हेन्यू स्टॅम्पावर आडवी सही. कंपनीचं नाव, बोअर, नळीची लांबी, चामड्याची पेटी एक, सफाईची गज एक, नंबर ७१९४६, आणि त्याच्याच खाली सासऱ्यांचा लायसन नंबर तारखेसकट. टाइपरायटरचा नऊ, त्यात दुसरं काही वाचताच येत नाही.

बाकी मग उलगडत गेलं. त्याच फडक्यात जुन्या बुकाच्या पानांची एक धूसर फोटोकॉपी होती. पहिल्या बुकात इंग्रजी आकडे. यजमान नोकरीमुळे दुसऱ्या जिल्ह्यात गेले तेव्हा तिथल्या कचेरीत नवीन बुक झालं, सगळं हिंदीत, आणि बाबूने बाकीचे आकडे देवनागरीत केले, हा एक नऊ मात्र होता तसाच उतरवला. इंग्रजी नऊ आणि आपला एक, हाताने लिहिले की सारखेच दिसतात. तिसऱ्या बुकाच्या वेळी परत इंग्रजी झालं, तेव्हा तो एक म्हणून वाचला, आणि पुढे सगळी लायसनं कंप्यूटरवर चढवून प्रत्येकाला एक वेगळा ओळख क्रमांक, युआयएन, दिला तेव्हा ऑपरेटरने बुकात होतं ते टाकलं. आता कंप्यूटरमध्ये आहे म्हटल्यावर तेच खरं. तीन ठिकाणी माणसं बसली होती, सगळ्यांसमोर बंदूक ठेवून नंबर बघायची सोय होती, एकानेही नळी उतरवली नाही.

मी बंदूक जमा केली. रजिस्टरमध्ये खरा नंबर, शेरा लिहिला की बुकात अमुक आहे आणि बिलात तमुक, बिलाची कॉपी पावतीला टाचली, अर्ज मीच लिहून दिला. पोलीस लाइनच्या आर्मोररने, म्हणजे हत्यारांच्या कारागिराने, तपासलं, फेब्रुवारीत दुरुस्तीचा आदेश झाला, लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागायच्या आत. काकूंना बंदूक ठेवायची नव्हतीच. त्या म्हणाल्या होत्या, "मला ती नको हो, पण ह्यांच्या नावावर चोरीची म्हणून जायला नको." पुढे मुलीच्या नावाने वारसाचा अर्ज झाला.

इथे संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

त्या दिवशी रांगेत काकूंच्या मागे एक माणूस उभा होता, दतिया बाजूचा, पन्नाशीचा, एका खाजगी कंपनीत बंदूकवाला गार्ड. आमच्याकडे हे फार आहे, घरात एक दुनाळी असली की पोराला गार्डची नोकरी, बंदूक म्हणजे रोजगाराचं हत्यार. त्याने सगळं ऐकलं होतं. पुढे येऊन म्हणाला बाबूजी, मेरो भी ऐसो ही है. बघितलं तर बुकात आठ आणि बंदुकीवर चार, तीच गोष्ट उलटी, देवनागरी चार कोणीतरी इंग्रजी आठ वाचला. मी बिल विचारलं. ऑगस्ट २०२१ च्या पुरात सिंध नदी घरात शिरली, पेटी गेली, बंदूक तेवढी छतावर नेली म्हणून वाचली. पण तो म्हणाला, मेरे बाप ने सन ८८ में यहीं से ली थी, आपके रजिस्टर में होगा.

होतं. आमच्याच दुकानातली विक्री, गिऱ्हाइकाचा लायसन नंबर, बंदुकीचा नंबर, तारीख, सगळं माझ्या वडिलांच्या अक्षरात. पण आठ वर्षांपूर्वी गोदामात वाळवी लागली तेव्हा मालक म्हणाले जुनं सगळं रद्दीत काढ. सगळीच खाल्लेली नव्हती, निम्मी रजिस्टरं धड होती, मी एकदा म्हटलं की ठेवू या, ते म्हणाले कोण विचारतंय चाळीस वर्षांपूर्वीचं. मी गठ्ठे बांधून हातगाडीवर चढवून दिले. मार्टिन्सबर्गचं ते वाक्य मला तेव्हा बोचलं, त्या माणसाच्या तोंडाकडे बघताना.

कागदाशिवाय मी त्याची बंदूक घेतली नाही. डीलरचं लायसन जातं, हे खरं आहे, आणि काकूंची घेतली ती बिलावर घेतली, हेही खरं आहे. मी त्याला म्हटलं ठाण्यात जा, खरं काय ते सांग, काकूंचं होतंय तसं तुझंही होईल. तो गेला, खरं सांगितलं, आणि त्याच्यावर केस झाली. जामिनावर आहे. लायसन निलंबित, बंदूक मालखान्यात, नोकरी दुसऱ्याच आठवड्यात गेली. पहिलं बुक नवीन घेताना कचेरीत जमा झालेलं, त्याची फाइल मिळत नाही असं लेखी उत्तर आलंय. मी कोर्टात येऊन सांगेन म्हटलंय की अशी विक्री आमच्याकडून व्हायची, पण वकील म्हणतो तोंडी सांगून नंबर सिद्ध होत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.

आता काउंटरवर येईल त्याला मी सांगतो. लायसनच्या बुकावर विसंबू नका, ते दर काही वर्षांनी बदलतं आणि जुनं कचेरीत जमा होतं, बिल तेवढं तुमच्याच घरात राहतं. तीन फोटोकॉपी काढा, एक बहिणीकडे नाहीतर मुलीकडे ठेवा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, नळीवरच्या नंबराचाही फोटो काढा. लोक हो हो म्हणतात. फ्रिजचं वॉरंटी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपतात आणि बंदुकीचं बिल आमच्या दुकानाच्या पायरीवर टाकून जातात, मी ते उचलून परत हातात देतो.

वडिलांच्या हातची १९९१ पासूनची रजिस्टरं कपाटात आहेत, नॅप्थलीनच्या गोळ्या घालून, मालकांना न विचारता किल्ली मी माझ्याकडे ठेवलीये. ८८ चं नाहीये. दोनदा गोदाम उपसलं, त्या रद्दीवाल्याकडेही जाऊन आलो, वेड्यासारखं, आठ वर्षांनी. कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी त्या माणसाचा फोन येतो, दर वेळी तोच प्रश्न, बाबूजी, वो रजिस्टर मिलो का?