तुम्ही विचारलंत म्हणून : इम्प्लांट का नाही?

स्तन काढल्यानंतर पुनर्रचनेचा विचार करणाऱ्या बायका मला बहुधा एकच प्रश्न विचारतात : इम्प्लांटची, म्हणजे स्तनाच्या जागी कृत्रिम पिशवी बसवण्याची शस्त्रक्रिया तुलनेने लवकर उरकते, मग पोटाच्या चरबीतून स्तन घडवण्यासाठी तुम्ही पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत कापून घेण्याचा मार्ग का पत्करलात?

यातला अर्धा निर्णय किरणोपचारांनी माझ्यासाठी आधीच घेऊन ठेवला होता. रेडिएशनने छातीची त्वचा ताठर होते आणि तिचा रक्तपुरवठा घटतो. अशा जागी इम्प्लांट बसवले, तर शरीर त्याच्याभोवती जे आवरण तयार करते ते आवळत जाऊन दुखण्याची, जखम न भरण्याची आणि शेवटी इम्प्लांट काढून टाकावे लागण्याची शक्यता बरीच वाढते. त्वचेखाली रिकामी पिशवी ठेवायची आणि थोड्याथोड्या दिवसांनी तिच्यात सलाइन भरून जागा करायची, ही एक्स्पांडरची पद्धत मी वाचून गेले होते. सर्जनांनी माझी त्वचा दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहिली, ती हाती येईना, तेव्हा ते एक्स्पांडरबद्दल चकार शब्द न काढता माझे पोट तपासू लागले.

उरलेला अर्धा निर्णय मात्र माझा. इम्प्लांट जन्मभर पुरत नाही. दहा-वीस वर्षांत ते बदलण्याची वेळ अनेकींवर येते, आणि सिलिकॉनचे असेल तर ते आतल्या आत फाटलेले नाही ना, हे पाहण्यासाठी ठरावीक वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी लागते. तपासणीच्या तारखांचा मला तेव्हा पुरेसा वीट आला होता. पोटाची चरबी एकदा रुजली की ती माझ्याबरोबर जाड होते, माझ्याबरोबर वाळते.

ती रुजणे हेच अवघड असते. 'डीप' नावाच्या या पद्धतीत पोटाचा स्नायू जागेवर राखून फक्त त्वचा, चरबी आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या उचलतात आणि त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडतात. माझ्या शस्त्रक्रियेला आठ तास लागले. त्या रात्री नर्स दर तासाला येऊन नव्या स्तनावर डॉप्लरची, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राची कांडी टेकवत असे आणि यंत्रातून फुसफुस असा आवाज आला की निघून जात असे. एकदा तो आवाज शोधायला तिला अर्धे मिनिट लागले; तेवढ्या वेळात माझा श्वास अडकला होता. जोडलेल्या वाहिनीत गुठळी झाली तर पुन्हा तातडीने ऑपरेशन थिएटर गाठावे लागते, आणि थोड्या जणींच्या बाबतीत तरीही सगळा भाग मरतो, हे मला आधीच सांगितलेले होते. पुढचे दहा-बारा दिवस मी कमरेत वाकून चालत होते, कारण पोटाचे टाके सरळ उभे राहू देत नव्हते.

स्पर्श परत येईल अशी माझी भाबडी समजूत होती. थोडासा काठाकाठाने आला, मध्ये नाही. एकदा खांदा शेकताना गरम पाण्याची पिशवी खाली घसरली आणि मला पत्ताच लागला नाही; संध्याकाळी आरशात फोड दिसला.

ज्यांच्या पोटावर पुरेशी चरबी नाही, ज्यांना धूम्रपान सोडता येत नाही किंवा ज्यांना कित्येक आठवडे अंथरुणाला आणि दुसऱ्यांच्या मदतीला देणे परवडणारे नाही, त्यांना मी माझा मार्ग सुचवणार नाही. रेडिएशन झालेले नसते, तर मीही कदाचित इम्प्लांटच घेतले असते. आणि काहीच न बसवता छाती नीट, सपाट शिवून घेणे हाही एक पूर्ण पर्याय आहे. तो मला कोणीही सांगितला नाही, याचा राग अजून गेलेला नाही. सांगितला असता तर मी तोच निवडला असता असे नव्हे, पण निवडायला समोर तरी असता.

सर्जनांकडे आधीच्या रुग्णांचे फोटो मागाल, तेव्हा पोटाचेही मागा. मला दाखवलेले सगळे फोटो बरगड्यांपाशी संपत होते.